पाटी कोरी करायची गरज नाही

डॉ. श्रीराम लागूंची गोष्ट आपल्याकडे नेहमी धाडसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. कान-नाक-घशाचे डॉक्टर, परदेशात जाऊन घेतलेलं पुढचं शिक्षण, पुण्यात आणि नंतर टांझानियात केलेली प्रॅक्टिस, आणि १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, हे सगळं बाजूला ठेवून पूर्णवेळ नट! पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं. एवढ्या घाईनं सांगितलं की ही उडी वाटते आणि ऐकणाऱ्या पंचेचाळिशीतल्या माणसाला एकतर स्फुरण चढतं किंवा स्वतःची लाज वाटते. पण या सांगण्यात मधली जवळजवळ वीस वर्षं गाळलेली असतात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून लागू पुण्यात भालबा केळकरांबरोबर पीडीए या संस्थेच्या हौशी नाटकांत काम करत होते. पुढे मुंबईच्या रंगायन या नाट्यसंस्थेशीही त्यांचा संबंध आला. दवाखाना चालू होता तेव्हा तालमीही चालूच होत्या. १९६९ मध्ये त्यांनी नवं काही सुरू केलं नाही. फावल्या वेळातलं काम मुख्य झालं आणि मुख्य होतं ते थांबलं. धाडस त्यात होतंच, पण ते नवख्या माणसाचं धाडस नव्हतं.

चाळिशी-पन्नाशीत कामाला कंटाळलेल्या माणसाला साधारण दोन प्रकारचे सल्ले मिळतात. 'आता या वयात कुठे नसत्या भानगडीत पडतोस, पंधरा वर्षं काढ' हा घरच्यांचा, आणि 'आयुष्य एकदाच मिळतं, सगळं सोड आणि मनासारखं कर' हा प्रेरणादायी भाषणांचा. एकमेकांच्या विरोधातले वाटले, तरी दोन्ही सल्ले एकच गोष्ट गृहीत धरतात: बदल करायचा म्हणजे पाटी पुसून पहिल्यापासून गिरवायचं. एकाला ते परवडणारं वाटत नाही, दुसऱ्याला ते रोमांचक वाटतं, एवढाच फरक. माझ्या मते चूक त्या गृहीतकातच आहे. मधल्या वयात ज्यांना समाधानाचं काम आणि पुढची पायरीही मिळते, ते बहुधा सरळ वर चढत नाहीत आणि शून्यावरही येत नाहीत. हाताशी असलेलं घेऊन ते थोडे बाजूला सरकतात. हे सरकणं कसं होतं, ते कुठे जमत नाही, आणि जमत नाही तेव्हा दोष कोणाचा, हे पाहण्यासारखं आहे.

आधी कंटाळ्याविषयी. 'मिडलाइफ क्रायसिस' ही कल्पना एलियट जॅक्स या कॅनेडियन मनोविश्लेषकाच्या १९६५ सालच्या एका निबंधातून रूढ झाली. तो निबंध कलावंतांवर आणि मृत्यूच्या जाणिवेवर होता. नोकरदारांच्या बढत्यांशी त्याचा संबंध नव्हता. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी मोठमोठी सर्वेक्षणं तपासली. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वल्ड यांनी २००८ मध्ये मांडलं की अनेक देशांत जीवनाविषयीचं समाधान पंचेचाळिशीच्या आसपास तळ गाठतं आणि नंतर पुन्हा चढतं. आता तरुणांचंच मनःस्वास्थ्य इतकं ढासळलं आहे की हा आलेख पूर्वीसारखा राहिलेला नाही, असं खुद्द ब्लँचफ्लॉवर अलीकडे म्हणतात. त्यामुळे त्याला निसर्गनियम समजू नये. हॅनेस श्वांट या संशोधकानं जर्मनीतल्या आकडेवारीवरून दिलेलं स्पष्टीकरण मला जास्त उपयोगी वाटतं. तरुणपणी माणसं पाच वर्षांनंतरच्या समाधानाचा अंदाज फार वरचा बांधतात आणि तो चुकत जातो. चाळिशी-पन्नाशीत जुन्या अपेक्षा फसल्याचं दुःख असतं आणि पुढच्या अपेक्षाही खाली आलेल्या असतात, म्हणून ते वय दुहेरी जड जातं. साठीकडे जाताना मात्र अंदाजापेक्षा बरंच चाललंय असं लक्षात येतं. म्हणजे या वयातली उदासी हा आपल्या नोकरीवरचा निकाल आहे असं लगेच मानायचं कारण नाही.

त्यात भर पडते ती साध्या गणिताची. कोणत्याही कार्यालयात खालच्या खुर्च्या पुष्कळ आणि वरच्या मोजक्या असतात. तिशीपर्यंत बढत्या भराभर मिळतात. चाळिशीत तीच माणसं एका अरुंद दारापाशी येऊन गर्दी करतात. सरकारी बँकेतला प्रकार घ्या. प्रमोशन म्हणजे बदली, हे तिथे सगळ्यांना पाठ असतं. मुलाची दहावी, मग बारावी, आईचं आजारपण, बायकोची इथलीच नोकरी, या हिशेबात कित्येक जण परीक्षेचा अर्जच भरत नाहीत. मुलं शिकायला बाहेर पडतात, घर मोकळं होतं, तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षं उलटलेली असतात आणि आपल्यानंतर लागलेला मुलगा वरिष्ठ म्हणून समोर बसलेला असतो. या माणसाला प्रश्न पडतो की आपण कुठे कमी पडलो. उत्तर बहुधा 'कुठेच नाही' असं असतं. शिडी मुळातच तेवढ्या लोकांसाठी बांधलेली नव्हती. म्हणून पुढची वाट त्याच शिडीवर शोधत राहण्यात फारसा अर्थ नाही.

मग या वयात माणसाजवळ असतं तरी काय? रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या मध्यात बुद्धीचे दोन भाग मांडले: अनोळखी कोडं झटपट सोडवण्याची क्षमता आणि अनुभवानं साचलेलं, मुरलेलं ज्ञान. पहिली लवकर उतरणीला लागते, दुसरं पुष्कळ काळ वाढत राहतं. जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्माइन यांच्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं की सगळ्या क्षमता एकाच वयात शिखरावर असतात असं नाही; माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग विशीच्या आतबाहेर सर्वोच्च असतो, तर शब्दसंपत्ती साठीच्या पुढेही वाढते. कोडिंगच्या स्पर्धेत बावीस वर्षांच्या मुलाशी पळायला जाणाऱ्याला याचा काही उपयोग नाही. मात्र कोणता ग्राहक पैसे बुडवेल, कोणती निविदा कागदावर छान असूनही जागेवर अडकेल, ऑपरेशननंतरचा कोणता पेशंट 'ठीक आहे' म्हणत असूनही ठीक नाही, हे ओळखणं दुसऱ्या प्रकारात मोडतं. उद्योजकांविषयीचा पुरावाही याच बाजूचा आहे. पियेर अझुले आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सत्तावीस लाख संस्थापकांची माहिती तपासून २०२० मध्ये निष्कर्ष काढला की सर्वांत वेगानं वाढलेल्या हजारात एका कंपनीच्या संस्थापकाचं सरासरी वय ४५ होतं. त्याच क्षेत्रात आधी नोकरी केलेल्यांच्या यशाची शक्यता इतरांपेक्षा ठळकपणे जास्त होती. म्हणजे गॅरेजमधला विशीतला मुलगा हा अपवाद आणि डोक्यावर विरळ केस असलेला, त्या धंद्याच्या खाचाखोचा माहीत असलेला माणूस हा नियम.

यातून बाजूला सरकण्याचं सूत्र निघतं. कामाला दोन अंगं असतात: आपण काय करतो आणि कोणत्या क्षेत्रात करतो. दोन्ही एकदम बदलली की माणूस खरोखर नवशिक्या होतो, पगारही नवशिक्याचाच मिळतो. एक बदलून एक ठेवलं तर पूर्वीचा अनुभव उपयोगी पडत राहतो. वीस वर्षं वॉर्डात काढलेली परिचारिका रुग्णालयाच्या विमा-दाव्यांच्या विभागात गेली, तर तिला आजार आणि उपचार शिकवावे लागत नाहीत, फक्त कागद शिकवावे लागतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यातला सुपरवायझर पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता तपासायला लागला, तर यंत्रावर मालात कुठे खोट राहते हे त्याला आधीच माहीत असतं. बँकेत कर्जाच्या फायली पाहिलेला अधिकारी छोट्या उद्योजकांना प्रकल्प अहवाल करून देऊ लागला की तो तेच काम टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून करतो. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी सेवेतून निवृत्त झाले आणि १९७६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया ते आधीही करतच होते. त्यांनी बदलली ती संस्था, आणि तिच्यात काम कसं चालावं याची रीत.

सरकण्याआधी दोन्ही कामं काही काळ समांतर चालवणं हा दुसरा भाग. जोसेफ राफी आणि जी फेंग यांचा २०१४ चा अभ्यास सांगतो की नोकरी चालू ठेवून धंदा सुरू करणाऱ्या आणि नंतर पूर्णवेळ त्यात उतरणाऱ्या लोकांची, एकदम नोकरी सोडणाऱ्यांच्या तुलनेत, धंद्यातून बाहेर फेकले जाण्याची शक्यता तेहतीस टक्क्यांनी कमी होती. आपल्याकडे याचं थोर उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचं. ते १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले, १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, आणि कॉलेज सोडलं ते १९१४ मध्ये. अठरा वर्षं आश्रमाचं काम आणि वर्गातलं गणित जोडीनं चाललं. महिला विद्यापीठ १९१६ चं. तेव्हा कर्वे अठ्ठावन्न वर्षांचे होते. अर्थात समांतर वाट सगळ्यांना सारखी मोकळी नाही. सरकारी कर्मचाऱ्याला वर्तणूक नियमांनुसार परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही, आणि आयटी कंपन्यांत २०२२ साली मूनलाइटिंगवरून केवढा गदारोळ झाला हे आठवत असेलच. पण समांतर म्हणजे पैसे घेऊनच असं नाही. शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम, एखाद्या संस्थेचे हिशेब विनामूल्य पाहणं, ओळखीच्या कारखान्यात चार शनिवार बसणं, यातूनही कळतं की जे काम लांबून आवडलं ते जवळून झेपतं का. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं तेच मुळी नेहमीच्या वर्गात बसू न शकणाऱ्यांसाठी. पुष्कळांच्या बाबतीत या चाचणीतून 'हे आपल्याला नको' असं उत्तर येतं, आणि राजीनामा देण्याआधी आलं तर ते फार स्वस्तात मिळालेलं उत्तर असतं.

यावर आक्षेप असा की एवढा हिशेब करत बसणारा माणूस कधीच हलत नाही. या आक्षेपामागेही पुरावा आहे. 'फ्रीकॉनॉमिक्स'चे सहलेखक स्टीव्हन लेविट यांनी द्विधा मनःस्थितीतल्या हजारो लोकांना इंटरनेटवर नाणेफेक करून निर्णय घ्यायला सुचवलं. नोकरी सोडू का, हाही त्यांतला एक प्रश्न होता. मोठ्या निर्णयांत 'बदल करा' असा कौल ज्यांना मिळाला आणि ज्यांनी बदल केला, ते सहा महिन्यांनी जास्त समाधानी होते. म्हणजे माणसं बदलाबाबत गरजेपेक्षा जास्त सावध असतात हे खरंच. पण या लोकांनी आधीच दोन पावलं दाराबाहेर टाकलेली होती. नाणं उडवावंसं वाटण्याइतका विचार त्यांनी केलेला होता. लेविटच्या प्रयोगातून 'निघा' एवढं मिळतं, 'कुठल्याही दिशेला निघा' असं मिळत नाही. उलट, बाजूच्या वाटेवर पाऊल लहान असतं आणि फसलं तर परतता येतं, म्हणून भित्र्या माणसालाही ते टाकता येतं. चालढकल जास्त होते ती सगळं सोडण्याच्या स्वप्नात, कारण ते स्वप्न उद्यावर टाकणं फार सोपं असतं.

दुसरा आक्षेप वयाचा, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. जाहिरातीत 'वय ३५ पर्यंत' असं उघड छापलेलं असतं, आणि छापलेलं नसलं तरी निवडणाऱ्याच्या मनात असतं. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत चाळीस हजारांवर बनावट अर्ज पाठवून तपासलं. वयस्कर उमेदवारांना, त्यातही स्त्रियांना, बोलावणी स्पष्टपणे कमी आली. आपल्याकडे मुलांसाठी आठ-दहा वर्षं थांबलेल्या बाईला तर वयाबरोबर त्या खंडाचाही जाब द्यावा लागतो. त्यातल्या त्यात वाट अशी की अनोळखी दारावर अर्ज टाकण्यात या वयात शक्ती घालवू नये. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७०च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन गावात पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना नोकरी ओळखीतून मिळालेली होती, आणि ती ओळखही बहुधा रोजच्या मित्राची नव्हती. कधीतरी भेटणाऱ्या माणसाची होती. कारण उघड आहे, जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. मराठी मध्यमवर्गाला इथे वशिल्याची शंका येते आणि संकोच आड येतो. 'मला लावून घ्या' आणि 'तुमच्याकडे हे काम कसं चालतं ते अर्धा तास समजून घेऊ का' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चाळिशीपर्यंत जुने सहकारी, पुरवठादार, ग्राहक, दुसऱ्या शाखेतले लोक मिळून ज्या ओळखी साठतात, त्या पंचविशीच्या मुलाजवळ असणं शक्यच नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जातो तो गिरणगावाचा अनुभव. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, कित्येक गिरण्या पुन्हा धड चालल्या नाहीत, आणि साच्यावर पंधरा-वीस वर्षं काढलेली माणसं चाळिशीत रस्त्यावर आली. त्यांच्याजवळ अनुभव नव्हता असं कोण म्हणेल? सुताचा ताण हातानं ओळखणारी ती माणसं होती. पण तो हात वापरायला शेजारी जागाच उरली नव्हती. काही भिवंडीच्या यंत्रमागांवर कमी मजुरीत गेले, काही गावी परतले, बरेच जण पहारेकरी झाले किंवा भाजीची टोपली घेऊन बसले. त्याच वस्तीत खानावळवाल्या बायकाही होत्या. एकट्यानं राहणाऱ्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणून बँकेच्या कर्जापर्यंत नेलं होतं. संपानं त्यांची गिऱ्हाइकंही बसली. मात्र पन्नास माणसांचा स्वयंपाक वेळेत आणि हिशेबात उतरवण्याचं त्यांचं कसब गिरणीच्या भोंग्याला बांधलेलं नव्हतं. मंडळाला बाहेरच्या केटरिंगकडे वळता आलं. साचेवाला आणि खानावळवाली यांच्यात कष्टाचा, हुशारीचा फरक नव्हता. एकाचं ज्ञान एका यंत्रात आणि एका मालकाच्या आवारात अडकलेलं होतं, दुसरीचं नव्हतं. आणि दुसरीच्या पाठीशी संघटना आणि भांडवल उभं होतं, हे विसरून तिची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगणं म्हणजे निम्मी गोष्ट गाळणं.

हाच प्रश्न आज हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत वेगळ्या कपड्यांत उभा आहे. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर, कपात जाहीर केली. तीत मधल्या आणि वरच्या पातळीवरचे लोक प्रामुख्यानं होते. अशा माणसानं स्वतःला विचारण्यासारखा प्रश्न 'मला काय आवडतं' यापेक्षा 'मला येतं त्यातलं किती या कंपनीच्या बाहेर कोणी विकत घेईल' हा आहे. एका ग्राहकाची जुनी प्रणाली आणि अंतर्गत अहवालांचे नमुने हे साच्यासारखं ज्ञान. विमा किंवा बँकेचा व्यवहार खरोखर कसा चालतो, बिघडलेला प्रकल्प माणसं न दुखावता कसा सावरायचा, हे खानावळीसारखं.

ज्यांना कुठेच सरकता येत नाही त्यांचं काय? एमी झेस्नेवस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांविषयी लिहिलं. काम तेच, पगार तोच, पण काही जण स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्यांपैकी एक समजत. झेस्नेवस्कींना भेटलेली एक कर्मचारी बेशुद्ध रुग्णांच्या खोल्यांतल्या भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदलत असे. कोण जाणे, त्यानं काही फरक पडेल. आपल्या कामाची हद्द आपणच थोडी हलवणं हे सरकण्याचं सर्वांत लहान रूप. नव्यांना शिकवण्याची जबाबदारी मागून घेणं, कटकटीचं एखादं काम दुसऱ्याच्या आवडीच्या कामाशी बदलणं, हे बहुतेक कार्यालयांत जमतं. यातला धोकाही ओळखून असावं. साहेबाला हे फुकटातलं जादा काम वाटलं, तर समाधान कर्मचाऱ्याचं आणि फायदा दुसऱ्याचा असं होतं. म्हणून वर्षा-सहा महिन्यांनी त्याचा मोबदला किंवा हुद्दा मागायलाच हवा.

राहिला पैशाचा भाग. तो शेवटी घेतला, पण घरात तो पहिला निघतो आणि निघायलाच हवा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीचा हक्क पाच वर्षांच्या सलग सेवेवर येतो. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत मासिक पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते, आणि ती वेगवेगळ्या नोकऱ्यांची मिळून धरली जाते. म्हणून नोकरी बदलताना पीएफ काढून मोकळं होण्यापेक्षा नव्या खात्यात वळवून घेणं फायद्याचं. सर्वांत दुर्लक्षित राहतो तो आरोग्य विमा. कंपनीची मेडिक्लेम नोकरीबरोबर संपते, आणि नेमकं याच वयात रक्तदाब, मधुमेह निघालेले असतात. आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. ही तीन वर्षं राजीनाम्यानंतर मोजायला लागण्यापेक्षा पगार चालू असतानाच, स्वतःच्या नावावर पॉलिसी घेऊन, मोजायला सुरुवात केलेली बरी.